पन्हं, पेग आणि पाऊस

पेय ऋतू बघून प्यावं असं ज्याने कुणी सांगून ठेवलं आहे, तो जयनगरात राहत नसणार. इथे सकाळी स्वेटर, बाराला पंखा, चारला छत्री आणि रात्री पांघरूण असा दिवस जातो, आणि हा दिवस जूनचा की ऑक्टोबरचा हे कळायला पंचांग काढावं लागतं. सोलापुरात उन्हाळा आला की अंगाला कळतं. बंगळुरात तो आल्याचं आधी पेपरात छापून येतं. मग लोक "काय हा उन्हाळा!" म्हणायला तोंड उघडतात, तोच एप्रिलमधला आंबेपाऊस कोसळतो आणि वाक्य अर्धं राहतं.

आता आमचं घराणं पडलं ऋतू पाळणारं. साताऱ्याला आजीच्या राज्यात चैत्रात पन्हं, वैशाखात कोकमाचं सरबत, आषाढात गवती चहा, कोजागरीला आटीव दूध, थंडीत आल्या-गुळाचा काढा हे ठरलेलं होतं. भाद्रपदात कुणी पन्हं मागितलंच तर त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघत. बँकेच्या बदलीने मी बंगळूरला आलो, जयनगर फोर्थ ब्लॉकच्या जवळ घर घेतलं आणि इथेच निवृत्त झालो. निवृत्त माणसाने बाग करावी, नातवंडं सांभाळावीत किंवा व्हॉट्सॲपवरून देश चालवावा. बागेला जागा नव्हती, नातवंडं जर्मनीत, आणि देश चालवायला आमच्या गटात आधीच बरेच जण होते. तेव्हा मी पेयांकडे वळलो.

"म्हणजे नेमकं काय करणार आहात?" हिने विचारलं.

"ऋतूप्रमाणे पेयं. घरच्या घरी. शास्त्रोक्त."

"आणि भांडी?"

भांड्यांचा विचार शास्त्रात कुठेच केलेला नसतो.

सुरुवात चैत्राने, म्हणजे पन्ह्याने झाली. फोर्थ ब्लॉकच्या बाजारात कैऱ्यांचा तोटा नाही, पण त्यातल्या बहुतेक तोतापुरी. चांगली वीतभर लांब, खाली चोच. गाडीवाले तिच्या कापट्या मोकळ्या करून तिखट-मीठ भुरभुरतात आणि कॉलेजची पोरं फस्त करतात. खायला झकास, पन्ह्याला मात्र तिच्यात जीव नाही. मी माझं सगळं कन्नड गोळा करून विचारलं, "हुळी इदेया?" म्हणजे आंबट आहे का.

"इल्ला सार, सिही!" तो अभिमानाने म्हणाला. गोड आहे, काळजी नको.

"हुळी बेकू." मला आंबटच पाहिजे.

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मग शेजारच्या गाडीवाल्याला बोलावलं. दोघांचं हलक्या आवाजात काहीतरी ठरलं आणि शेजारच्याने पुढे होऊन मला लिंबं दाखवली.

लोणच्याच्या कैऱ्या वेगळ्या असतात आणि त्या मागायच्याही वेगळ्या असतात, हे हिला माहीत होतं. "मग आधी का नाही सांगितलंस?" असं मी विचारलं, तर "शास्त्रोक्त म्हणालात ना" असं उत्तर आलं. तोपर्यंत पाच किलो तोतापुरी घरात आली होती.

पुढचा प्रश्न कैरी उकडायची की भाजायची. आमच्याकडे उकडतात. हिचं माहेर अमरावतीचं, तिथे निखाऱ्यावर भाजतात. लग्नात मानपान, हुंडा, पत्रिका कशावरूनही वाद न झालेली ही दोन घराणी या एका मुद्द्यावर आजतागायत समोरासमोर उभी आहेत. मी उकडली. पन्हं झालं, त्याला रंग आला, वेलदोड्याचा वास आला, केशराच्या काड्या तरंगल्या. त्यात आंबटपणा सोडून सगळं होतं.

"हे उंचीमुळे," मी म्हणालो. "बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे वीस मीटरवर आहे. इथे पाणी शंभर अंशाला उकळतच नाही, सत्त्याण्णवच्या आसपासच उकळतं. कैरीतला अर्क सुटायला ते तीन अंश कमी पडतात."

"आणि माझी आमटी कशी होते?"

"तू कुकर लावतेस."

"मग तुम्हीही लावा," म्हणून ती चैत्रगौरीच्या बायकांना फोन करायला गेली.

त्याच आठवड्यात रामनवमी. ज्याला स्वतःच्या हातचं पेय लोकांना पाजायचं आहे, त्याने रामनवमीला जयनगरात राहू नये. इथे कोपऱ्याकोपऱ्यावर मांडव पडतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून पानक, नीर मज्जिगे आणि कोसंबरी देतात, फुकट. पानक म्हणजे गूळ, सुंठ, वेलदोडा, लिंबू. नीर मज्जिगे म्हणजे पातळ ताक. त्यात आलं, हिरवी मिरची, कढीपत्ता, कोथिंबीर. दोन्हींना आंबट कैरी लागत नाही, उंचीची अडचण येत नाही. माझ्या पन्ह्याला बोलावलेली मंडळी वाटेतले सगळे मांडव करून आली, ती पोट धरूनच.

खालच्या मजल्यावरचे मामा, एका सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, भिडस्त गृहस्थ. त्यांनी पेला तोंडाला लावला, डोळे मिटले, पेला खाली ठेवला.

"फर्स्ट क्लास," ते म्हणाले. मग आवाज उतरवून हिला, "काफी आहे का?"

जयनगरात कुठलंही पेय म्हणजे काफीच्या आधी करायची औपचारिकता आहे, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. आमच्याकडे सकाळी सहाला पितळी फिल्टरमध्ये पूड दाबली जाते, वर गरम पाणी, झाकण, आणि मग थेंब थेंब डिकॉक्शन. पूड दुकानातून ताजी दळून आणायची. दुकानदार एकच प्रश्न विचारतो, "चिकोरी किती?" त्यावर ऐंशी-वीस म्हणणारा माणूस वेगळा आणि साठ-चाळीस म्हणणारा वेगळा. "चिकोरी नको" म्हणणाऱ्याला मागची रांगसुद्धा वळून बघते. बाबा बुदान नावाच्या फकिराने सतराव्या शतकात येमेनहून कॉफीच्या सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी कथा आहे. सात बियांवर त्यांनी अख्खा दक्षिण देश जिंकला. मला पाच किलो कैऱ्यांत खालचा मजलाही घेता आला नाही.

ही खंत मी मुलाला फोनवर सांगितली, आणि तिथून प्रकरणाला पाश्चात्त्य वळण लागलं. महिन्याभरात जर्मनीहून खोकं आलं. आत मखमलीत निजवलेली स्टीलची हत्यारं: शेकर, दोन तोंडांचं माप, दांडीला पीळ असलेला लांब चमचा, भोकांची चाळणी, आणि फळं चेचायला एक जाडजूड बत्ता. शिवाय पुस्तिका.

"हा बत्ता बरा आहे," ही म्हणाली आणि तो उजेडात धरून पाहिला. तिच्या डोळ्यांतली ती चमक मी तेव्हाच ओळखायला हवी होती.

पुस्तिकेत एकच मंत्र पुन्हा पुन्हा होता: मोसमातलं फळ घ्या. मोसम जूनचा होता, बाजारात जांभळं टपोरी. कन्नडमध्ये नेरळे. मी जांभळं चेचली, जीन ओतली, सैंधव घातलं, लिंबू पिळलं, बर्फ भरला, झाकण लावलं आणि खांद्यावरून शेकर हलवू लागलो. त्या वेळी मोलकरीण आत आली, तिने बघितलं, हिला हाक मारली आणि दोघी दारात उभ्या राहिल्या.

"अम्मा, अय्यांना काय झालं?"

"काही नाही. निवृत्त झालेत."

जमलं होतं सगळं. फक्त झाकण निघेना. बर्फाने आतली हवा आकसते, स्टील आवळतं आणि झाकण जागच्या जागी बसतं, हे भौतिकशास्त्र मला मामांनी शिकवलं, पण तो पुढचा भाग. आधी मी ओढलं, मग हिने धरलं आणि मी ओढलं, मग टॉवेल गुंडाळून ओढलं. वॉचमनने दोन्ही गुडघ्यांत शेकर पकडून ओढलं. मामा पाइप-पाना घेऊन वर आले. पान्याचा आकडा त्यांनी बेताबेताने फिरवला, स्टीलवर चरा उठला, झाकण तसंच. तेवढ्यात मामी वर आल्या. त्यांनी शेकर हातात घेतला, मोरीत नेला, झाकणावर कोमट पाण्याची धार धरली, कडेला तळहाताने एक थाप मारली आणि उघडं भांडं माझ्यापुढे ठेवलं.

"डब्याला करतो तसंच," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या खेपेला झाकण अडकलंच नाही. शेकरमध्ये सोडा घालू नये, तो वरून ओतावा, असं पुस्तिकेत सोळाव्या पानावर स्पष्ट छापलेलं आहे. मी बाराव्या पानावर होतो. झाकण कुठे गेलं ते बऱ्याच वेळाने दिवाणाखाली सापडलं. जांभळाचा रस मात्र सरळ वर गेला आणि छताच्या पंख्याला लागला. मी पुसायला स्टूल आणायला गेलो. ही बाहेरून घामाघूम होऊन आली आणि तिने पंख्याचं बटण दाबलं.

आमच्या दिवाणखान्याच्या चारी भिंतींवर आता छातीच्या उंचीवर एक जांभळा पट्टा आहे. पाहुणे विचारतात, हे मुद्दाम केलंय का. मी हो म्हणतो.

या काळात घरात माझी बाजू पडती होती. म्हणून मी इतिहास काढला.

"तुला माहीत आहे का," मी हिला म्हणालो, "जयनगरची पायाभरणी १९४८ सालची. आणि त्याच साली याच शहरात अमृत डिस्टिलरी सुरू झाली. सुरू करणारे कोण? राधाकृष्ण जगदाळे. जगदाळे! आणि त्यांच्या मुलाने, नीलकंठ जगदाळ्यांनी, २००४ साली आपली सिंगल माल्ट व्हिस्की नेऊन विकायला कुठे ठेवली? ग्लासगोला! स्कॉटलंडात! जगदाळे आडनावाचा माणूस स्कॉच लोकांना व्हिस्की विकतो, आणि मी घरात एक पेग हलवला तर..."

"त्यांनी विकून पैसे आणले. तुम्ही विकत आणून घालवता."

मी मुद्दा बदलला. "इथली हवा अशी आहे की पिंपात मुरायला ठेवलेली व्हिस्की दर वर्षी दहा-बारा टक्के नुसती उडून जाते. स्कॉटलंडात दोनेक टक्केच. त्या उडालेल्या भागाला देवदूतांचा वाटा म्हणतात."

"आपल्या बाटलीतली त्याहून वेगाने उडते. मात्र देवदूत दर शनिवारी घंटी वाजवून येतात."

शनिवारचे देवदूत म्हणजे मामा. जगदाळ्यांची गोष्ट मी त्यांनाही ऐकवली. म्हटलं, मराठी माणूस इथे काल-परवा आलेला नाही, शहाजीराजांची जहागीर होती बंगळूरची. मामांनी मान डोलावली.

"हो ना. आणि नंतर तुमच्या एकोजीराजांनी तीन लाख रुपयांत गाव म्हैसूरच्या चिक्कदेवरायांना द्यायचा सौदा केला," ते म्हणाले. "थोडं थांबायचं. आज निदान भाडं तरी आलं असतं."

तीन लाखांत आज जयनगरात मोटार उभी करायची जागा मिळत नाही. आम्ही दोघांनी एकोजीराजांच्या नावाने एकेक घोट घेतला, मग मामांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि काफी आली.

पावसाळ्यात मला सर्दी झाली. जयनगरात शिंक ही खाजगी बाब नाही. जिन्यात एक शिंक दिली की तीन दारं उघडतात आणि प्रत्येक दारातून कषायाची एक वेगळी कृती बाहेर येते. धने, जिरं, मिरी, सुंठ, बडीशेप, ज्येष्ठमध भाजून पूड करायची, पाण्यात उकळायची, गूळ घालायचा, दूध घालायचं की नाही यावर मतभेद ठेवायचे. २०२० साली आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुकांचा काढा प्यायला सांगितलं, तेव्हा आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या आज्या, सरकारला आत्ता कळलं का, अशा चेहऱ्याने बसल्या होत्या.

पण माझ्याजवळ पुस्तिका होती आणि तिच्यात हॉट टॉडी होती. गरम पाणी, मध, लिंबू, लवंगा, दालचिनी आणि रम. आपल्याकडेही हे काही नवीन नाही. साताऱ्याच्या घरात कपाटाच्या वरच्या फळीवर, कापूर आणि अमृतांजनाच्या मागे, 'औषधाची' ब्रँडी असे. कुणाला हुडहुडी भरली की चमचाभर निघे. ती बाटली वर्षानुवर्षं पुरे, आणि आमच्या काकांना हुडहुडी भरायचं प्रमाण वाढल्यावर तिला कुलूप लागलं.

मी टॉडी करून खिडकीत बसलो. लवंगेचा वास जिन्यात गेला असावा, कारण मामी आल्या. मामींच्या घरात मराठी बोलतात, पण ते पिढ्यान् पिढ्या इकडे राहिलेलं मराठी, त्याला कन्नडची फोडणी बसलेली.

"कषाय करून घेतलेत की काय?"

"हो. थोडं वेगळं."

"काय काय टाकलात?"

"लवंग, दालचिनी, मध, लिंबू."

"आणि?"

"आणि... औषध."

मामी पुढे आल्या. पेल्यावर वाकल्या. नाकाने एकदाच हुंगलं.

"ओल्ड मंक," त्या म्हणाल्या. "आमचे सासरे हेच औषध घेत होते. धारवाडला. रोज सर्दी होत होती त्यांना." जाताजाता दारात थांबल्या. "जिरं राहिलंय की हो. भाजून टाका अर्धा चमचा. नाही तर पित्त होतंय."

मी जिरं टाकलं. बरं लागलं. जगातल्या कुठल्याही बारमध्ये ही टॉडी मिळणार नाही, आणि मिळाली तर त्यांनी मामींना पैसे द्यावेत.

कोजागरीला मी सगळी शक्ती पणाला लावली. महाराष्ट्रात कोजागरीपर्यंत पाऊस सरत आलेला असतो, आकाश धुतलेलं असतं, चंद्र दुधात पडायला तयार असतो. बंगळुरात सप्टेंबर-ऑक्टोबर हे भर पावसाचे महिने. कोजागरी ज्यांनी ठरवली त्यांनी कर्नाटकाचा दक्षिण भाग विचारात घेतला नव्हता, एवढंच म्हणतो. तरी गच्चीची परवानगी काढली, सतरंज्या अंथरल्या, नंदिनीच्या पिशव्या फोडून मोठं पातेलं आटवायला ठेवलं. चारोळी, पिस्ते, जायफळ, केशर. दूध तळाला लागू नये म्हणून मी उलथनं सोडलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझं पेय जसं व्हायला पाहिजे तसं झालं.

चंद्र नव्हता. ढग होते, आणि डास. दुधात चंद्राचं प्रतिबिंब पडल्याशिवाय प्यायचं नाही, असा नियम मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवला होता, तो आता माझ्याच अंगाशी आला. पंधरा माणसं पेले धरून वर बघत होती आणि मोकळ्या हाताने पाय झोडपत होती.

"किती वेळ?" मामांनी विचारलं.

"येईल."

दुसऱ्या मजल्यावरच्या कॉम्प्युटरवाल्या पोराने मोबाइल काढला. त्यात आकाश दाखवणारं कुठलंसं ॲप होतं. त्याने फोन ढगांकडे धरला, मग जरा डावीकडे नेला. "अंकल, इथे आहे. या ढगाच्या मागे." पडद्यावर वाटोळा, ठळक, पौर्णिमेचा चंद्र. मी पातेलं उचललं, त्याने फोन पातेल्यावर आडवा धरला, दुधात पांढरं काहीतरी हललं आणि सगळ्यांनी घाईघाईने पेले तोंडाला लावले. त्याच क्षणी पाऊस आला. जिन्यात दाटीवाटीने उभं राहून लोक दूध प्यायले आणि खरोखर वाहवा झाली. "सुपर, सार!" मामांनी दुसरा पेला घेतला. मी वाट बघत होतो. त्यांनी हिच्याकडे पाहिलंही. पण तिने मान हलवली, "पूड संपलीय."

मला ती तेव्हा जितकी आवडली तितकी लग्नातही आवडली नसेल. दुसऱ्या दिवशी डब्यात अर्धा किलो पूड होती. त्यावर मी काही बोललो नाही, तीही बोलली नाही.

डिसेंबरात इथे थोडी खरी थंडी पडते. मला बंगळूर-निळ्या द्राक्षांची वाइन गरम करून मसाले घालायचे होते. पुस्तिकेत तसं एक नाताळी पेय आहे. त्यासाठी मखमलीचं खोकं उघडलं तर ते रिकामं. बत्ता लसूण चेचायला लागलेला होता. दोन तोंडांचं माप काफीच्या डब्यात, एका तोंडाने आमची, दुसऱ्याने पाहुण्यांची. भोकांच्या चाळणीत साबुदाणा निथळत होता. शेकर खाली मामींकडे गेला होता. त्यात ताक, आलं, मिरची आणि बर्फ घालून त्या नीर मज्जिगे करतात, आणि असा फेस पूर्वी कधी आला नव्हता म्हणतात. पीळदार चमच्याने मोलकरीण गॅसखाली गेलेला कागद ओढून काढत होती.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. त्याच्याकडे बर्फ पडत होता, तो खुशीत होता.

"बाबा, कसं चाललंय? अजून काही पाठवू? इथे आता नवीन निघालंय, पेयाला धुराचा वास देणारं यंत्र. छोटंसं असतं. लाकडाचा भुगा घालायचा, बटण दाबायचं, ग्लासात धूर."

मी फोनवर हात ठेवला आणि हिला विचारलं, धुराचं यंत्र पाठवतोय, मागवू का?

ती डाळ निवडत होती. तिने क्षणभर विचार केला.

"डासांवर चालतं का विचारा."